करंगळीचं माप

नव्याने गादीवर बसणाऱ्याने पहिल्या आठवड्यात काय करावं, यावर हल्ली महागडी शिबिरं भरतात. पैसे वाचवा. बायबलात ‘पहिले राजे’ म्हणून एक पुस्तक आहे, त्याचा बारावा अध्याय काढा. शलमोन राजाचे चिरंजीव रहबाम यांनी हा सगळा अभ्यासक्रम तीन दिवसांत उरकला होता.

शलमोन गेला तेव्हा मागे मंदिर होतं, महाल होता, सोन्याच्या २०० मोठ्या ढाली होत्या. आणि हे सगळं ज्यांच्या पाठीवर उभं राहिलं, ती माणसंही होती. लेबनानातल्या लाकडासाठी ३०,००० माणसं वेठीला : एक महिना तिकडे, दोन महिने घरी. मुदपाकखान्याला रोज ३० बैल आणि १०० मेंढरं लागत. १२ कारभाऱ्यांनी महिन्याच्या पाळीने ती पुरवायची. तेव्हा राज्याभिषेकासाठी शखेमला जमलेल्या लोकांचं मागणं एवढंच : जू जरा हलकं करा, आम्ही तुमचेच. त्यांच्यात यराबामही होता. एके काळी याच वेठीवरचा मुकादम, पुढे शलमोनाच्या भीतीने इजिप्तला पळालेला.

महाराज म्हणाले, तीन दिवसांनी या.

मग सल्लामसलत. वडिलांच्या वेळचे म्हातारे म्हणाले, आज दोन शब्द गोड बोला, लोक जन्मभर तुमची चाकरी करतील. इतका स्वस्त सल्ला म्हणजे काहीतरी खोट असणारच. महाराज वळले आपल्या ‘तरुण मंडळीं’कडे. लहानपणापासूनचे सवंगडी सगळे. आता, गादीवर आले तेव्हा महाराजांचं वय होतं ४१. म्हणजे ही युवा आघाडीही त्याच्याच आगेमागे. चष्मे निघाले नव्हते म्हणून, नाहीतर एकेकाच्या नाकावर चाळिशी दिसली असती.

या तरुणांनी भाषण बांधून दिलं. सांगा त्यांना, माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे. त्याने चाबकाने फोडलं, मी विंचवांनी फोडीन. तिसऱ्या दिवशी महाराजांनी चाबूक आणि विंचू जसेच्या तसे ऐकवले. करंगळीचं वाक्य मात्र प्रत्यक्ष भाषणात सापडत नाही. एवढा संयम त्यांच्या नावावर मांडायलाच हवा.

लोक उठले आणि घरी गेले. बारांतले दहा वंश एका बैठकीत हातचे गेले. आता त्यांची समजूत काढायला पाठवावं कुणाला? महाराजांनी माणूस हुडकला तोही नेमका : अदोराम, वेठीचा मुख्य अधिकारी. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं, महाराजांनी घाईघाईने रथ गाठला आणि थेट यरुशलेम जवळ केलं. तिकडे मुकादम राजा झाला.

मग महाराजांनी १,८०,००० लढवय्ये जमवले. शमाया नावाचा संदेष्टा म्हणाला, भावाभावांत लढू नका, घरी जा. हा सल्ला मात्र पहिल्या झटक्यात मानला गेला.

पाचव्या वर्षी इजिप्तचा शीशक आला आणि वडिलांच्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला. महाराजांनी त्यांच्या जागी पितळेच्या करून घेतल्या. स्वारी मंदिरात निघाली की पहारेकरी त्या मिरवत न्यायचे आणि परतल्यावर पुन्हा चौकीत नेऊन ठेवायचे. घासायला चिंच कुठून आणत, देव जाणे.