पेटी

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीत ‘पेटी’ म्हटलं की दुसरा अर्थ निघतच नाही. फळ्या ठोकून केलेली, आत भाताचा पेंढा आणि पेंढ्यात हापूस. आता तिच्यात आंबे किती? चार डझन, पाच, सहा, आठसुद्धा. फळ मोठं तर डझन कमी. म्हणजे हे माप खरं, पण त्या मापालाच माप नाही! तरी वाशीच्या बाजारात भाव निघतो तो पेटीला. हंगामातली पहिली पेटी तिथे पोचली की तिची पूजा होते, पेपरात फोटो येतो.

गणपतीत हीच पेटी गायला लागते. भजनाचे बुवा तिच्यामागे मांडी ठोकून बसतात, आणि ‘पेटी आली का रे?’ या प्रश्नावर कोणी पेंढा शोधत नाही. ‘हार्मोनियम’ हा शब्द कार्यक्रमपत्रिकेवर छापण्यापुरता. पॅरिसच्या दबाँने १८४२ साली या नावाचं पेटंट घेतलं. कोकणाने त्याचं वाद्य सरळ लाकूडसामानात जमा केलं. पुढे १९४० पासून आकाशवाणीने जवळपास तीन दशकं तिला थारा दिला नाही. बुवांचं काही अडलं नाही.

पण पेटी खरी बिघडली ती मुंबईत. पत्र्याची पेटी घेऊन चाकरमानी तिकडे गेला, आणि तिथे पेटी म्हणजे एक लाख रुपये! खोका म्हणजे कोटी. इथे माझं बागायती गणित कोलमडतं. आंब्यात पुठ्ठ्याचा खोका डझन-दोन डझनांचा, पेटीपुढे अगदीच किरकोळ; पैशांत मात्र एका खोक्यात शंभर पेट्या मावतात. २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा झाल्या, तेव्हा पेटीचा पुरताच भाव उतरला.

बाकी काडेपेटी, टपालपेटी आहेतच. मतदानाला यंत्रं येऊन इतकी वर्षं झाली, तरी उमेदवारांचं भवितव्य अजून मतपेटीतच बंद होतं. आणि विमानातली काळी पेटी? ती चक्क नारिंगी असते, पिकल्या हापूसच्या जवळची.

एवढा गोतावळा या शब्दाला झेपतो, कारण आत काय आहे हे त्याने कधी सांगितलेलंच नाही. तेव्हा मे महिन्यात कोणी फोनवर ‘तुमच्यासाठी एक पेटी बाजूला काढून ठेवलीय’ म्हणालं, तर लगेच हुरळून जाऊ नका. किती डझनांची, ते आधी विचारा.