जुगाराचे साहित्य : आकडाविषयक संशोधनपत्रिकेच्या संपादनाची पायाभूत मांडणी

१. विषयप्रवेश व व्याख्या

एखादी ज्ञानशाखा प्रौढ झाली की नाही, हे तिच्या नियतकालिकावरून ओळखावे. पाश्चात्त्य जगात द्यूतसंशोधनास हे प्रौढत्व १९८५ साली लाभले. त्या वर्षी ‘जर्नल ऑफ गॅम्ब्लिंग बिहेवियर’ ही पत्रिका निघाली आणि १९९० मध्ये तिने ‘जर्नल ऑफ गॅम्ब्लिंग स्टडीज’ हे नाव धारण केले. वर्तनाकडून अध्ययनाकडे जाण्यास तिला पाच वर्षे लागली. उलट दिशेचा प्रवास आपल्याकडील अनेक अभ्यासकांनी एका संध्याकाळीत पूर्ण केलेला आहे.

महाराष्ट्रात या विषयाची संशोधनपत्रिका नाही, असा समज विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. तो निराधार आहे. पानाच्या टपरीवर कपड्याच्या चिमट्याने सुतळीला लटकवलेली जी पातळ पुस्तिका दिसते आणि जिला लोक नुसते ‘चार्ट’ म्हणतात, तीच ती पत्रिका होय. प्रस्तुत निबंधात तिच्या संपादनव्यवहाराची प्रथमच शास्त्रशुद्ध मांडणी करण्याचे योजिले आहे.

व्याख्या : गतकालीन निकालांची सारणी व आगामी निकालाविषयीचे प्रतिपादन ज्यात एकत्र शिवलेले असते, आणि ज्याचे वाचन पूर्ण होण्यापूर्वीच वाचकाचा हात खिशाकडे जातो, अशा मुद्रित ग्रंथास ‘आकडापत्रिका’ असे म्हणावे.

२. पूर्वपीठिका

समपरीक्षणाची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने व फळे किती, हे सांगतो. सारथ्याच्या वेषातील नल ते विधान ऐकून मान डोलावत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजदाद करतो. निष्कर्षाची इतकी काटेकोर पडताळणी पुढील काळात झालेली नाही. झाडांच्या दृष्टीने हे इष्टच म्हणावे लागेल. त्यानंतर ऋतुपर्णाने नलास अक्षहृदय दिले आणि नलाने ऋतुपर्णास अश्वहृदय देण्याचे मान्य केले. दोन संस्थांनी परस्परांच्या नियतकालिकांचे अंक विनामूल्य पाठवण्याच्या प्रथेचे मूळ येथे शोधावे.

युरोपात कार्दानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाने फाशांच्या खेळावर ग्रंथ रचला. त्याचे निधन १५७६ साली झाले आणि ग्रंथ १६६३ साली छापला गेला. आपला लेख सहा महिने पडून आहे अशी तक्रार करणाऱ्या तरुण संशोधकांनी हा ८७ वर्षांचा कालावधी ध्यानी घ्यावा. १६५४ मध्ये गणितज्ञ पास्काल व फर्मा यांनी पत्रव्यवहारातून एक प्रश्न सोडवला : डाव अर्ध्यावर मोडला, तर मांडलेली रक्कम खेळाडूंत कशी वाटावी? त्या पत्रांतून संभाव्यताशास्त्र उदयास आले. आपल्याकडे डाव अर्ध्यावर मोडण्याचे प्रमुख कारण पोलिसांचा छापा हे असल्याने आणि त्या प्रसंगी संपूर्ण रक्कम एकाच पक्षाकडे जात असल्याने, या शास्त्राची निकड येथे भासली नाही.

मुंबईतील मूळ सामग्री मात्र कापसाची होती. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडण्याचा व बंद होण्याचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येई आणि त्यावर पैसे लागत. ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे पारिभाषिक शब्द त्याच भावांचा वारसा आहेत. १९६१ साली हे भाव येणे थांबले. बाह्य सामग्री आटली म्हणून हतबल न होता येथील संस्थापकांनी ती स्वतः निर्माण करण्याचे ठरवले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके, म्हणजे आकड्यांचे जुगार, सुरू केले. कापूस गेला, न्यूयॉर्क गेले, भाव गेले. संशोधन अबाधित राहिले.

३. पत्रिकेची शरीररचना

आकडापत्रिकेत प्रस्तावना नसते, सारांश नसतो, ऋणनिर्देश तर नसतोच. आडव्या ओळीत आठवडा आणि उभ्या रकान्यात वार असतो. प्रत्येक चौकटीच्या मध्यभागी दोन अंकांची ‘जोडी’, डावीकडे उभी लिहिलेली ओपनची तीन अंकांची पत्ती आणि उजवीकडे क्लोजची. पत्तीच्या बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. उदाहरणार्थ, डावीकडे १-४-८ असल्यास बेरीज १३, म्हणून ओपन ३. उजवीकडे २-६-० असल्यास बेरीज ८, म्हणून क्लोज ८. मध्ये जोडी ३८. ही जोडी लाल शाईत छापली जाते. ३ आणि ८ यांच्यात पाचाचे अंतर असून अशा अंकांस परस्परांचे ‘कट’ म्हणतात. दोन्ही अंक समान असलेल्या जोड्याही लालच. शंभर जोड्यांपैकी वीस जोड्यांना हा वर्णाधिकार प्राप्त आहे.

पत्तीतील अंक चढत्या क्रमाने लिहावेत, परंतु शून्य सर्वांत शेवटी ठेवावे, असा दंडक आहे. पत्त्यांतील दश्शीस शून्य मानल्याने शून्य हे नवाहून मोठे ठरते. गणिताच्या प्राध्यापकास ही बाब पटवून द्यावी लागते. टपरीवरील चौथी नापास अभ्यासकास ती उपजत ठाऊक असते.

एकूण पत्त्या २२०. तीनही अंक भिन्न असलेल्या १२०, दोन अंक समान असलेल्या ९० आणि तिन्ही समान असलेल्या १०. यांची विभागणी दहा आकड्यांत केल्यास प्रत्येक आकड्याच्या वाट्यास बरोबर २२ पत्त्या येतात. एकाही आकड्यास एकही पत्ती जास्त नाही. हा निष्कर्ष पत्रिकेने कधीही छापलेला नाही, कारण तो छापल्यास पुढील अंकाचे प्रयोजन उरत नाही.

४. प्रतिपादनाचे संप्रदाय

पत्रिकेच्या वाचकवर्गात पुढील पाच संप्रदाय आढळतात :

(१) सारणीवादी. हे मागील दहा-दहा वर्षांचे चार्ट जपून ठेवतात आणि चौकटींवर पेन्सिलीने तिरक्या रेघा ओढतात. चौथ्या आठवड्यातील मंगळवार आणि सातव्या आठवड्यातील शुक्रवार यांना जोडणारी रेघ पुढे वाढवल्यास ती उद्याच्या रिकाम्या चौकटीतून जाते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. रेघ पुढे वाढवली की ती कोणत्या ना कोणत्या रिकाम्या चौकटीतून जाणारच, हा आक्षेप त्यांनी विचारात घेतलेला आहे व फेटाळलेला आहे.

(२) स्वप्नवादी. यांची साधनसामग्री रात्री गोळा होते. स्वप्नात साप दिसणे, मेलेला काका दिसणे, मेलेल्या काकाने साप धरलेला दिसणे, या प्रत्येकास स्वतंत्र अंकमूल्य आहे. काका काही बोलल्यास अंकमूल्य बदलते. काकाने जिवंतपणी उसने घेतलेले पैसे परत मागण्याची संधी मात्र या संप्रदायाने आजवर साधलेली नाही.

(३) वाहनक्रमांकवादी. अपघात झालेल्या ट्रकभोवती जमलेल्या गर्दीत जो मनुष्य जखमीकडे न पाहता नंबरप्लेटकडे पाहतो, तो याच मताचा समजावा.

(४) मौनवादी. रस्त्याकडेला बसलेल्या, कोणाशीही न बोलणाऱ्या साधूस हे चहा पाजतात व प्रतीक्षा करतात. साधूने चार बोटे दाखवली तर चार. हात झटकला तर पाच. दगड मारला तर मारलेल्या दगडांची संख्या. या संप्रदायात अनुत्तर ही संकल्पनाच नाही.

(५) समन्वयवादी. हे वरील चारही संप्रदायांचे आकडे घेतात आणि सर्वांवर थोडे थोडे लावतात. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा सर्वांत उदार पंथ असून खर्चाच्या दृष्टीनेही तसाच आहे.

५. समपरीक्षण

कोणताही आकडा, आकडे लिहून घेणाऱ्या ‘रायटर’कडे नोंदवण्यापूर्वी तो टपरीवर परीक्षणास ठेवला जातो. परीक्षकांचे तीन वर्ग होत. पहिला पश्चात्प्रज्ञ. हा निकालापूर्वी मत देत नाही. निकालानंतर “अरे, मी सकाळीच सत्ता म्हणत होतो, पण खिशात सुट्टे नव्हते” एवढा एकच अभिप्राय देतो. दुसरा संशयात्मा. “आज सत्ता? भाऊ, परवाच सत्ता आलाय” असे म्हणून तो लेखकास पंज्याकडे वळवतो आणि संध्याकाळी सत्ता आल्यावर दृष्टीस पडत नाही. जगभरच्या संशोधनपत्रिकांत दुसऱ्या परीक्षकाविषयी जी सार्वत्रिक भावना आढळते, तिचा उगम येथे असावा. तिसरा स्वतः टपरीवाला. तो चुना लावता लावता सर्वांचे ऐकून घेतो, कोणत्याही मतास दुजोरा देत नाही आणि आकडा लावत नाही. या ज्ञानव्यवहारात वर्षाअखेर ज्याच्याकडे शिल्लक दिसते, असा निरीक्षणात आलेला हा एकमेव घटक होय.

६. शुद्धिपत्र व सिद्धांताचे स्थैर्य

अन्य शास्त्रांत चुकीचा सिद्धांत मागे घ्यावा लागतो. आकडाशास्त्रात असा प्रसंग उद्भवत नाही. समजा, पत्रिकेने ओपनला चौका दिला. चौका आल्यास सिद्धांत सिद्ध. नव्वा आल्यास “कट आला”, सिद्धांत सूक्ष्मार्थाने सिद्ध. तिर्री वा पंजा आल्यास “एका घराने हुकला”, सिद्धांत तत्त्वतः सिद्ध. अठ्ठा वा शून्य आल्यास “हुकलेल्या घराचा कट आला”, सिद्धांत गहनार्थाने सिद्ध. अशा रीतीने दहापैकी सहा आकडे चौक्याची पुष्टी करतात. ओपनला न आलेला आकडा क्लोजला आल्यास “वेळ चुकली, आकडा नाही” हे वचन लागू होते. दोन्ही संधी धरून हिशेब केला असता कोणतेही प्रतिपादन शंभरातील ८४ दिवशी खरे ठरते. भौतिकशास्त्रास अद्याप ही पातळी गाठता आलेली नाही. उरलेल्या १६ दिवशी “आतून आकडा फिरवला” असे स्पष्टीकरण पुढील अंकापर्यंत पुरते.

येथे एका जुन्या शंकेचे निरसन आवश्यक आहे. ज्यास उद्याचा आकडा ठाऊक आहे, तो ती माहिती दहावीस रुपयांच्या पुस्तिकेत का छापतो? उत्तर असे की, संपादकाने अपरिग्रहाचे व्रत घेतलेले असते. ज्ञान वाटावे, लाभ वाचकास सोडावा, स्वतः केवळ पुस्तिकेच्या किमतीवर निर्वाह करावा, अशी ती निःस्पृह वृत्ती आहे. हितसंबंधांची घोषणा छापण्याची गरज या पत्रिकेस भासली नाही, ती याच कारणाने.

७. अभिलेखागार

संशोधनाचे जतन हा प्रत्येक पत्रिकेपुढील बिकट प्रश्न असतो. या बाबतीत शासनाचे सहकार्य उल्लेखनीय आहे. १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) अन्वये पोलीस वेळोवेळी रायटरच्या बैठकीवर जातात आणि तेथील चिठ्ठ्या, बॉलपेन, कार्बन पेपर व रोख रक्कम पंचांसमक्ष ताब्यात घेतात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापून येते : ‘जुगाराचे साहित्य जप्त.’ एरवी कोणत्याही साहित्यप्रकारास शासनदरबारी ‘साहित्य’ म्हणून इतक्या नियमाने मान्यता मिळत नाही. समीक्षकांनी ज्याची दखल घेतली नाही, त्याची प्रत्येक प्रत दोन पंचांच्या सहीने, दिनांक व वेळेसह, लाखेच्या सीलखाली जतन केली जाते. मराठीतील अन्य नियतकालिकांनी याचा हेवा करण्याजोगी ही व्यवस्था आहे.

८. अर्थव्यवहार

पत्रिकेच्या आश्रयदात्या बाजाराचा पाया साधा आहे. दहांतून एक आकडा येतो आणि लागलेल्या रुपयास नऊ रुपये मिळतात. जोडीवरही शंभरात एक येते आणि रुपयास नव्वद मिळतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के घेत असे. आधुनिक व्यवस्थेने मांडलेल्या रकमेवर दहा टक्के हा दर स्थिर केला. वरील पाचही संप्रदायांना, तिन्ही परीक्षकांना आणि स्वप्नातील काकासही हा दर सारखाच लागू आहे.

प्रस्तुत पत्रिकेच्या आगामी अंकांसाठी अभ्यासकांनी शोधनिबंध पाठवावेत. निबंध कागदाच्या एका बाजूस, कार्बनप्रतीसह लिहिलेला असावा. स्वतंत्र वर्गणी पाठवू नये. ती रुपयामागे दहा पैसे या दराने पूर्वीच वळती झालेली असते.