नवी छोटी की जुनी मोठी

हमामात्सू, जपान

ती. बाबा व ती. सौ. आईस,

जपानी रस्त्यावर पिवळ्या नंबरप्लेटची जी बुटकी गाडी दिसते तिला ‘केई’ म्हणतात. लांबी फार तर 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, इंजिन 660 सीसी. लांबी नऊवारी लुगड्याच्या निम्म्यातही भरत नाही. ही मापे कारखान्याने नव्हे, सरकारने ठरवली आहेत. युद्धानंतर 1949 साली हा वर्ग पाडण्यात आला आणि मापात राहणाऱ्याला करात सूट मिळू लागली. छोटी गाडी पत्रा कमी लागतो म्हणून परवडते, असा आपल्या साताऱ्यात समज आहे. इथे ती परवडते कायद्यामुळे.

याचा नमुना म्हणजे 1979 ची सुझुकी आल्टो. प्रवासी गाडीवरचा कर टाळण्यासाठी ती मालवाहू म्हणून नोंदवली गेली आणि 4,70,000 येनला विकली गेली. मागची सीट होती, पण पाहुण्यांनी ती मनावर घेऊ नये इतपतच. पुढे 1983 साली भारतात आलेली मारुती 800 याच घराण्यातली. सबब बाबांच्या 800 ला जपानी टेम्पोचे रक्त आहे, ही गोष्ट कॉलनीत सांगायची की नाही ते बाबांनी ठरवावे.

नवी साधी केईसुद्धा आता दहा लाख येनच्या आसपास जाते. (लाख ऐकून आईने घाबरू नये, रुपयांत आकडा साधारण निम्म्यावर येतो.) तेवढ्या पैशांत दहा वर्षे वापरलेली, चांगली ऐसपैस सेडान येऊन वर बरेच उरतात. मग आम्ही मोठीच का घेऊ नये, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर ‘शाकेन’ या प्रकरणात आहे. शाकेन म्हणजे आपल्याकडचे पासिंग, फक्त इथे गाडी खरोखर तपासतात. नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ते करावे लागते. तपासणी, सक्तीचा विमा, वजनावरचा कर आणि ‘हे रबर बदलावे लागेल’ असे गॅरेजवाल्याने अत्यंत अदबीने, कमरेत वाकून सांगितलेले सगळे धरून मोठ्या जुन्या गाडीचे बिल सहज लाखभर येनच्या पुढे जाते. वाकून सांगितल्यामुळे घासाघीसही करवत नाही. शिवाय वार्षिक कर वेगळा: केईला 10,800 येन, तर दीड लिटरच्या नव्या गाडीला 30,500. गाडी तेरा वर्षांची झाली की पेट्रोल गाडीचा कर आणखी वाढतो. म्हणून लोक चांगल्या चालत्या गाड्याही काढून टाकतात आणि त्या बोटीत बसून परदेशी जातात. जुनी मोठी गाडी इथे स्वस्त मिळते, कारण ती ठेवणे महाग आहे.

केईचे उलट आहे. हायवेचा टोलही तिला पाचव्या हिश्श्याने कमी. त्यामुळे जुन्या केईचा भाव पटकन पडत नाही, आणि दोन-तीन वर्षे वापरलेली केई नवीच्या किमतीच्या इतकी जवळ असते की घेणारा गोंधळतो. तरीही हिशेब केईच्याच बाजूने लागतो: घ्यावी ती पाच-सहा वर्षे जुनी, शाकेन नुकतेच झालेली. फुल एसी लावून चौघे घाट चढू लागले की इंजिन कण्हते, हे मात्र खरे.

नॅनो गाडीचे उदाहरण बाबांनी दिले होते, पण ते इथे लागू पडत नाही. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीत ती दाखवली तेव्हा एक लाखाचा आकडा गाजला. त्यासाठी वायपर एकच ठेवला, चाकाला नट तीनच लावले आणि डिकी मागून उघडेना. पण भारतात इतक्या छोटेपणाला केईसारखी खास सवलत नव्हती. फायदा सगळा शोरूममध्येच संपला. तेवढ्याच पैशांत वापरलेली 800 किंवा आल्टो मिळत होती. वर ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरूद. स्कूटर सोडून गाडी घेणाऱ्याला शेजाऱ्यांनी गाडी बघावी असे वाटते, किंमत नव्हे.

राहिला बसण्याचा प्रश्न. केईत कायद्याने चारच माणसे बसतात. बारा वर्षांखालची तीन मुले म्हणजे दोन मोठी माणसे, असा इथला अधिकृत हिशेब आहे. घरात दोन मोठे आणि एक चिरंजीव असल्याने एरवी अडचण नाही. मे महिन्यात आई-बाबा आले की मोठी माणसे चार होतात आणि चिरंजीव कायद्याने शिल्लक उरतात. मांडीवर घेण्याची साताऱ्याची सोय इथे चालत नाही. वर्षातल्या त्या तीन आठवड्यांसाठी मोठी गाडी पोसण्यापेक्षा तेव्हा सात सीटची भाड्याने घ्यावी. लोणच्याच्या बरण्यांना तिसरी रांग लागतेच.