ही पारंपरिक कोण?

मढमध्ये कुणी ‘येतंय’ म्हटलं की माणसं आधी खाडीकडे बघतात. वेसाव्याहून फेरीबोट येते, बाहेरून होड्या येतात, आणि मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बसही कधीतरी येतेच. आमच्या लेबलवाल्याचं मात्र बारा महिने काहीतरी येत असतं. “येतंय, शुक्रवारी येतंय,” असं तो जेट्टीवर सांगतो, टपरीवर सांगतो, मयताला जमलेल्या माणसांतही आवाज उतरवून सांगतो. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, मुलीकडचे येतायत. त्याच्या आईलाही तेच वाटलं. तिने पोहे भिजवले होते. मग कळलं, गाणं येतंय.

त्याचं खरं नाव सांगून उपयोग नाही, कारण असा एकेक इसम हल्ली गावोगाव निघतो. रेकॉर्ड कंपनी, म्हणजे लेबल, काढायला आता दमदमसारखा तबकड्यांचा कारखाना लागत नाही. एक लॅपटॉप, दोन माईक, भिंतीला उभ्या केलेल्या चार गाद्या आणि जगाला आपली गरज आहे ही खात्री, एवढ्यावर भागतं. आमच्याकडे गाद्या घरच्याच असल्यामुळे रात्री दहानंतर स्टुडिओ जमिनीवर अंथरला जातो आणि पाहुणे त्यावर झोपतात.

पोटासाठी तो बूम धरतो. मढच्या बंगल्यांत रोज कुठल्या ना कुठल्या मालिकेचं शूटिंग असतं. तिथे बारा-बारा तास लांब काठीच्या टोकाला माईक लावून तो दुसऱ्यांच्या सुनांचे हुंदके टिपतो. रात्री तोच माईक घेऊन कोळीवाड्यात फिरतो. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माईकला केसाळ टोपडं असतं. त्याला साउंडवाले ‘डेड कॅट’ म्हणतात. हा शब्द त्याने कौतुकाने, हळदीची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बयला सांगितला, तिथेच चुकलं. “मेलेली मांजर माझ्या तोंडाशी कशाला धरतंस रं?” म्हणून बयने त्याला अंगणाबाहेर काढलं. जिवंत मांजरांचं मत वेगळं होतं. बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांखालच्या चार मांजरी त्या माईकच्या मागे जेट्टीपर्यंत गेल्या.

लेबलवाल्याच्या मनात दोन सल आहेत. पहिला सल पलीकडच्या काठाचा. खाडी ओलांडायला पाच मिनिटं लागतात, पण पलीकडे वेसावे आहे आणि कॅसेटच्या जमान्यात ‘वेसावकर आणि मंडळी’ महाराष्ट्रातल्या लग्नालग्नात वाजली. “आणि आपण? आपण काय फक्त फेरीची तिकिटं फाडायची?” असं तो विचारतो. त्याआधी शांता शेळक्यांनी शब्द लिहिले, हृदयनाथांनी चाली दिल्या, लताबाई आणि हेमंतकुमार गायले आणि कोळीगीत दिवाणखान्यात गेलं. त्याबद्दल तो हात जोडतो आणि लगेच म्हणतो, “पण त्यात बोंबलाचा वास नाही.” दुसरा सल ताजा आहे. २०१९ साली आरेच्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर ‘स्वदेशी’च्या रॅप करणाऱ्या पोरांबरोबर ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये गायले. म्हणजे याच उपनगरातून, याच २७१ बसच्या अलीकडून-पलीकडून, हे होऊ शकतं! ते ऐकलं त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने लेबल काढलं.

त्याचा देव मोझेस अॅश. या गृहस्थाने १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फोकवेज’ नावाची कंपनी काढली आणि १९८६ साली मरेपर्यंत दोन हजारांवर रेकॉर्डी प्रसिद्ध केल्या. खपो न खपो, एकही यादीतून काढली नाही. पुढे १९८७ साली स्मिथसोनियन संस्थेने तो सगळा संग्रह घेतला, तो सगळ्या रेकॉर्डी कायम मिळत राहतील या अटीवर. हे ऐकून कुणालाही त्या माणसाबद्दल आदर वाटेल. आमच्या लेबलवाल्याच्या डोक्यात मात्र यातले बेडूक राहिले. अॅशने १९५८ साली उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजांची रेकॉर्ड काढली होती, १९६४ साली चक्क कचेरीतल्या आवाजांची. “बेडूक चालतो, मग आपलं काय वाईट?” असं म्हणून याने पहिल्या वर्षी फेरीबोटीचं इंजिन काढलं आणि पाठोपाठ ‘बोंबील वाळताना’ हा बावीस मिनिटांचा ट्रॅक आणला. बोंबील वाळताना आवाज करत नाहीत. त्यामुळे त्यात एकोणीस मिनिटं वारा आहे, दोन मिनिटं कावळे आहेत आणि उरलेला वेळ त्याची काकी कावळ्यांना शिव्या देते. काकीचा भाग फार दाद घेऊन गेला.

शुक्रवारचा हट्टही जगाकडून आलेला. १० जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करायची असं ठरलं. ठरवणाऱ्यांत कोळीण नसावी. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मराठी माणसाचे मासे खायचे दिवस. शुक्रवारी पहाटेपासून मढच्या बायका टोपल्या घेऊन बाजारात. म्हणजे ज्यांचं गाणं त्या दिवशी जगात येतं, त्या नेमक्या त्या दिवशी पापलेटाचा भाव सांगत असतात. “सोमवारी काढ की रं,” बय म्हणाली. “सोमवारी कोन खात नाय, आमी मोकल्या.” त्याने तिला न्यूयॉर्क, लंडन समजावलं. तिने विचारलं, “तिथं सोमवार पालत नाय?”

रेकॉर्डिंगचा हंगाम एकच. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरात. पण तेव्हाच पत्र्यावर पाऊस असा पडतो की तानसेन गायला तरी ताशाच ऐकू यावा. म्हणून गेल्या वर्षी त्याने एप्रिलमध्येच सतरा बायका गाद्यांच्या खोलीत बसवल्या. हळदीची गाणी घ्यायची होती. पहिला टेक रंगात आला आणि शेजारच्या बंगल्यातून कुणीतरी ओरडलं, “कट!” मढच्या माणसाला हा शब्द पाळण्यातच कळतो. सतराही जणी जागच्या जागी गप्प झाल्या आणि एकीने चहा मागितला.

दुसऱ्या टेकला गाणंच येईना. बय नुसती बसून. “आता काय झालं?” तो काकुळतीला आला.

“नवरा कुठं हाय?”

“कोणाचा?”

“हलदीचं गानं हाय ना? मग हलद कुनाला लावायची? गानं काय नल हाय, सोडला की आला?”

यावर त्याने बराच वेळ लोकसंगीताचं जतन, काळाची गरज वगैरे सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि पाट मांडला. शेवटी बेचाळीस वर्षांचा हा ब्रह्मचारी, कानाला हेडफोन लावून, उघड्या अंगाने, स्वतःच्याच स्टुडिओत नवरा म्हणून बसला. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. ते रेकॉर्डिंगसाठी आहे हे तिला तीनदा सांगितलं, तरी तिने शेजारी साखर वाटलीच.

आणि मग गाणं आलं. अंगाला पहिला हात लागल्याबरोबर आलं. एकीने ओळ टाकायची, सोळा जणींनी उचलायची, मध्येच कुणी नवऱ्याच्या पोटावरून नवी ओळ जुळवायची. तीन मिनिटांचं गाणं ही ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीची सवय. तिच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं म्हणून सगळ्या जगाने गाणं तेवढंच केलं. बायकांचं गाणं हळद संपली की संपतं. ही हळद एकेचाळीस मिनिटं पुरली. चौदाव्या मिनिटाला ती नवऱ्याच्या नाकात गेली आणि तो असा शिंकला की मीटरचा काटा लाल पट्टीत गेला. पुढे तीन रात्री तो ती शिंक काढायला बसला. पण बयची सगळ्यात चांगली ओळ नेमकी त्या शिंकेला चिकटलेली. शिंक काढली की ओळ जाते. शिंक राहिली.

खरं संकट फॉर्मचं होतं. गाणं जगात पाठवायचं तर फॉर्म भरावा लागतो आणि त्यात गीतकार, संगीतकार अशा लाल चांदणीच्या चौकटी असतात. बय म्हणाली, हे गाणं तिच्या सासूने वेसाव्याहून आणलं. तिची नणंद म्हणाली, मुळीच नाही, ते मनोरीचं, आईच्या आईचं. बैठक बसली. दोन तासांत विषय गाण्यावरून एका जुन्या जाळ्याच्या वाटणीवर गेला. लेबलवाल्याने घरी येऊन, दार लावून, दोन्ही चौकटींत लिहिलं: पारंपरिक.

दुसऱ्या दिवशी बय दारात. मागे नणंद. पंधरा वर्षांत प्रथमच दोघी एका बाजूला.

“ही पारंपरिक कोन?”

“बय, ती कुणी बाई—”

“दांडा गावची हाय का? गलं आमी सुकवायचं आनि नाव तिचं?”

“पारंपरिक म्हणजे कुणा एकीचं नाही, सगळ्यांचं.”

“म्हंजे कुनाचंच नाय म्हन की.”

माझ्या आठवणीत लेबलवाला गप्प बसण्याची ही एकच वेळ. ग्रंथांत, तबकड्यांवर, कॅसेटच्या कागदावर इतकी वर्षं हा शब्द छापला जातोय. त्यामागे कुणाची सासू आणि कुणाची आजी गाडली गेली, हे विचारायला कुणी दारात आलं नव्हतं. त्याने सतराही जणींची नावं घातली. क्रम वयाप्रमाणे लावायचं ठरलं आणि सतरांतली एकही वयाने मोठी निघेना.

गाणं शुक्रवारी आलं. शैली या चौकटीत त्याने ‘पोस्ट-कोळी’ लिहिलं. बयच्या नातीने ते वाचून दाखवलं. “आमी अजून हाय की,” बय म्हणाली, “पोस्ट कशाला?” संध्याकाळपर्यंत सात श्रोते झाले. सहा घरचे. सातवा लिस्बनचा. १५७५ साली एरंगळला चर्च बांधून गेलेल्यांपैकी कुणाचा तरी पणतू हळदीला आला असणार, असं कट्ट्यावर ठरलं. लेबलवाला त्या सातव्याच्या नावाने महिनाभर जगला. तिमाहीचा हिशोब आला, तो सतरा जणींत वाटला तर एकेकीला बोंबलाचं शेपूटही येईना. त्याने पदरचे घालून प्रत्येकीला शंभराचं पाकीट दिलं. “नवऱ्यानंच आहेर केला,” म्हणत बायकांनी ते घेतलं.

यंदा मे महिन्यात कोळीवाड्यात एक हळद होती. डीजे असा की मांडवाचे बांबू हलत होते. दहा वाजता कायद्याप्रमाणे तो बंद झाला आणि एकदम समुद्र ऐकू आला. पाटावर नवरा, वाटीत हळद, आणि लावायला नव्या पोरी. त्यांना ओळी येत नव्हत्या. बय खुर्चीत बसली होती, पण घसा बसलेला. तेव्हा तिच्या नातीने फोन काढला, पितळी ताटात उभा केला आणि आमच्या लेबलवाल्याचा ट्रॅक लावला. पोरी आधी पुटपुटल्या, मग गाऊ लागल्या. ऐकून ऐकून पाठ झालेलं दिसत होतं. थोड्या वेळाने फोनची बॅटरी गेली, तरी त्या थांबल्या नाहीत.

मग एका ओळीच्या मधोमध सगळ्या एकदम थांबल्या. कडेला बसलेली एक चिमुरडी तालात, मनापासून शिंकली. आणि सगळ्यांनी पुढची ओळ उचलली.

लेबलवाला मांडवाचा बांबू धरून उभा होता. मी हळूच म्हटलं, “आता फॉर्मवर तुझंही नाव घालावं लागेल.”

“नको,” तो म्हणाला, “पारंपरिक आहे.”