शनिवारचे बल्लवराव

परदेशी मराठी घरांत बल्लवराव ही जमात हटकून आढळते. आठवडाभर हा गृहस्थ चहासुद्धा आयता पितो. शनिवारी दुपारी मात्र त्याच्या अंगात येतं. लंडनच्या उपनगरांतल्या बल्लवरावांचं सध्याचं दैवत म्हणजे धुरी दिलेल्या बांगड्याचं ग्रिल्ड चीज सँडविच.

तिकडच्या सुपरमार्केटात हा बांगडा हवाबंद पाकिटात मिळतो. सोनेरी कातडी, वर मिऱ्यांचा भरडा थापलेला. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच, फक्त अटलांटिकचा आणि अंगानं अंमळ तेलकट. पण पाकीट फोडण्याआधी प्रवचन होतं. स्मोक्ड सॅमन बहुधा थंड धुरीचा, त्याला धूर लागतो पण तो शिजत नाही. तव्यावर तापवलात तर त्याचा रेशमीपणा जाऊन नुसता खारटपणा उरतो. बांगडा गरम धुरीत आधीच शिजून आलेला, म्हणून सँडविचला तोच. माहिती अगदी बिनचूक. एवढंच, की ती संपेपर्यंत बायकोनं कातडी सोलून, मधल्या रेषेतले बारीक काटे बोटांनी चाचपून काढून, मासा कुस्करूनही ठेवलेला असतो. त्यानंतर मार्गदर्शन येतं, "अगं, काट्यांचं तेवढं बघ हं."

चीजचं प्रकरण याहून गंभीर. जुनं मुरलेलं चेडर चवीला झकास, पण नुसतं तेच घातलं तर तापल्यावर तेल सुटतं आणि चिवट चोथा उरतो. म्हणून त्यात निम्मं ग्रुयेर. हे बल्लवराव आवाज उतरवून सांगतात, उस्तादानं घराण्यातली चीज शिष्याच्या कानात घालावी तसं. किसणीवर हात मुलीचा.

इतक्यात वेंगुर्ल्याहून आईचा व्हिडिओ कॉल. "माशाबरोबर दुधाचं? अरे, अंगावर कोड उठेल!"

"आई, त्याला काडीचा शास्त्रीय आधार नाही. तशी इटलीतली माणसंसुद्धा माशावर चीज घालत नाहीत, पण..."

"बघ! त्यांच्या आयांनी वळण लावलंय."

बल्लवराव फोन बायकोकडे देतात आणि तव्याकडे वळतात. तवा बिडाचा, गावाहून सामानातून आणलेला, आणि विमानात वजन भरलं म्हणून त्याच्यापायी बायकोच्या दोन साड्या मागे राहिलेल्या. या तव्याला साबण लावायचा नाही, पाण्यात ठेवायचा नाही, नुसता पुसून तेलाचा हात फिरवायचा, हे घरात सगळ्यांना बजावलेलं असतं. ब्रेडला बाहेरून लोण्याऐवजी मेयोनीज, म्हणजे रंग सगळीकडे सारखा येतो. वर दाब हवा म्हणून दगडी खल उपडा. "मंद आच!" असं ते अधूनमधून ओरडतात. शेगडीचं बटण त्यांच्याच हाताशी असतं.

बांगड्याचं तेल कडेनं पाझरून तव्यावर चुरचुरायला लागतं आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंब ठोकतो. घर सरावलेलं असतं. मुलगा स्टुलावर चढून अलार्मखाली टॉवेल फडकवतो, बायको खिडक्या उघडते, मुलगी दारावर आलेल्या शेजारीणबाईंना "सॉरी, बाबा स्वयंपाक करताहेत" म्हणते. बाईंनाही तेवढं पुरतं. बल्लवराव उलथनं धरून अढळ. "हलवू नका कुणी, खालची बाजू व्हायचीय!"

सँडविच होतं मात्र फर्मास, हे मान्य करायलाच हवं. कुरकुरीत ब्रेड, आत धुराचा वास मुरलेला मासा, वर लिंबाचे चार थेंब. पण खायला वेळ आहे. आधी तिरका छेद, मग चीजची तार ओढून फोटो. तार तुटली तर दुसरं सँडविच. तोवर पहिलं गार. फोटो शाळेच्या ग्रुपवर जातो. खाली मजकूर, 'सहज केलं, घरात होतं त्यातून'.

पाचच्या सुमारास बायको चहा टाकायला जाते. बिडाचा तवा सिंकमध्ये, साबणाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला.

"अहो, हे काय?"

"भिजत घातलाय," सोफ्यावरून उत्तर येतं. डोळे मिटलेलेच.