एकरकाका

चेन्नईत पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या मराठी माणसाला निवृत्तीनंतर दोहोंपैकी एक जडतं, मधुमेह नाहीतर एकर. आमच्या काकांना दोन्ही जडलं. मधुमेह आटोक्यात आहे.

दुखणं तसं १९४८ चं. कुळकायद्यात आजोबांची जमीन गेली, सातबारावरचं नाव गेलं. आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. तमिळनाडूत ही अट नाही, हे कळलं त्या वर्षी काकांनी पोंगल आणि पाडवा एकाच उत्साहाने साजरा केला.

मग दर रविवारी पहाटे पाचला मदुरांतकमच्या वाटेला लागायचं. ‘फक्त सव्वा तास’ असं दलाल सांगतो. तेवढा वेळ तांबरम ओलांडायलाच जातो, पण काका घड्याळाकडे बघत नाहीत. ते हिशेब करत असतात. आपल्याकडे एकराचे चाळीस गुंठे, इथे शंभर सेंट. तेवढ्याच पैशात जमीन अडीचपट झाल्यासारखी वाटते!

भाजीवाल्याशी आजही खुणांनी बोलणारा हा माणूस जमिनीचं तमिळ मात्र घडाघडा बोलतो. पट्टा, चिट्टा, अडंगल, विल्लंगम. नंजै म्हणजे ओलिताची, पुंजै कोरडवाहू, पोरंबोक म्हणजे सरकारी पड. हा शेवटचा शब्द तमिळमध्ये शिवीही आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वेळच्चेरीच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने तो त्यांच्या अंगावर फेकला, तर काकांनी काच खाली करून सर्व्हे नंबर विचारला.

अखेर दोन एकर घेतले. मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या उन्हात, भेगाळलेली जमीन बघून. ‘तळं अगदी जवळ आहे,’ असं दलाल म्हणाला होता. त्यात खोटं काही नव्हतं. नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस लागला आणि तळं आणखी जवळ आलं. काका कुंपणाच्या खांबाला धरून घोटाभर पाण्यात उभे होते, चेहऱ्यावर खोतासारखं समाधान.

घराचा नकाशा आलेख कागदावर तयार आहे. ओटी, माजघर, झोपाळा, तुळशीवृंदावन, शेणाने सारवलेलं अंगण. “सारवणार कोण?” एवढंच काकूंनी विचारलं. त्या अजून जागेवर गेलेल्या नाहीत. शेतजमिनीवर घर बांधायला वेगळी परवानगी लागते, तिची फाईल कुठल्याशा टेबलावर आहे. काकांना घाई नाही. मला तर वाटतं, त्यांना घर नकोच होतं. कागदावर नाव हवं होतं, ते लागलं. मंडळाच्या गणपतीत पट्ट्याची झेरॉक्स प्रसादासारखी हातोहात फिरते.

जागेवर सध्या एक बोअर आहे, एक कडुनिंब आणि शेजारच्याच्या शेळ्या. नकाशा नुकताच सातव्यांदा बदलला. आता त्यात लिफ्ट आहे, गुडघ्यांसाठी.