स्टार्टरवाले काका

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत सकाळी सव्वानऊला मोटारसायकलचं बटण दाबून पाहा. गाडी सुरू झाली तर प्रश्नच मिटला. नाही झाली, तर तिसऱ्यांदा दाबताना मागून आवाज येतो, "थांब. उगाच बॅटरी उतरवशील."

बनियन, बर्म्युडा आणि खिशात टेस्टर. हे स्टार्टरवाले काका. त्यांना कुणी बोलावत नाही, कारण तशी वेळच ते येऊ देत नाहीत. बोलण्यावरून मोठ्या कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले वाटतात. आमच्याकडचे काका बँकेत कॅशियर होते.

"टक् वाजतंय का?" हा पहिला प्रश्न. टक् वाजलं तर बटणापासून रिलेपर्यंत करंट पोचतोय, मग दोष बॅटरीत, रिलेत नाहीतर मोटरमध्ये. काकांना यात रस नसतो, बॅटरीवाला काय कुणीही गाठू शकतो. टक् नाहीच वाजलं की त्यांच्या डोळ्यांत चमक येते. तरी पद्धत म्हणजे पद्धत: क्लच दाबलायस ना? साइड स्टँड वर आहे? लाल किल स्विच बघितलास? सोसायटीतली पोरं येता-जाता तो दाबून ठेवतात. निम्म्या गाड्या इथेच सुरू होतात आणि काकांचा चेहरा पडतो.

पावसाळा हा त्यांचा खरा सीझन. बटणाच्या फटीतून पाणी शिरतं, आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट हिरवे-काळे पडतात, आणि गाडी कधी सुरू होते, कधी नाही. "इंटरमिटंट फॉल्ट!" काका हे शब्द पेढा खाल्ल्यासारखे उच्चारतात. मग हँडलखालचे दोन स्क्रू निघतात, खाली काठाचं ताट धरलं जातं, आणि ताट धरूनही स्प्रिंग उडते. ऑफिसला निघालेली तीन-चार माणसं मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यांवर येतात. ज्याची गाडी, तो ऑफिसात फोन करून ट्रॅफिक लागल्याचं सांगतो. स्प्रिंग सापडत नाही. काका शांतपणे एकाच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतात, त्यातली स्प्रिंग पकडीने तोडतात आणि पेन परत करतात.

कॉन्टॅक्टवर झिरो पेपर फिरवताना मात्र माणूस बघावा. चष्मा कपाळावर, श्वास रोखलेला. "घासायचं नाही रे, गोंजारायचं. तांबं गेलं की संपलं." तांबं चकाकलं की ते गॅलरीकडे बघून ओरडतात, "अगं, व्हॅसलीन टाक!" वरून काकूंचं उत्तर येतं, "मागची डबी अजून वर आलेली नाही!"

तेवढ्या वेळात व्याख्यान होतं. बटणातून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट. मोटरचा खरा भार रिलेतून जाड वायरने जातो, म्हणून एवढंसं बटण जळत नाही. पुराव्यादाखल ते स्वतःची गाडी दाखवतात. तिच्या हँडलला दारावरच्या बेलचं पांढरं बटण बसवलेलं आहे. ते दाबलं की गाडी सुरू होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी "कोण आहे?" विचारतात, हे आम्ही रचलेलं, पण काकांना ते आवडतं.

एकदा एक मुलगा म्हणाला, "काका, नाना पेठेतून नवाच स्विच आणून टाकतो ना." पार्किंगमध्ये शांतता पसरली. काकांनी हात पुसले. "टाक बाबा. तुमच्या पिढीला सगळं नवंच लागतं." त्यानंतर महिनाभर त्यांनी त्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलगाच ओशाळला, आणि हॉर्न नीट वाजत नसल्याचा बहाणा करून त्यांच्याकडे गेला.

काकांचं निदान शंभर टक्के खरं असतं, दुरुस्ती मात्र पुढच्या मोठ्या सरीपर्यंतची. कॉन्टॅक्टला खड्डे पडले आणि स्प्रिंग ढिली झाली की ना झिरो पेपर उपयोगी, ना व्हॅसलीन. म्हणून स्विच पहिल्यांदा अडेल तेव्हा खुशाल काकांकडून साफ करून घ्या, पुन्हा अडला की नवा स्विच टाका. जुना मात्र भंगारात देऊ नका, काकांना द्या. त्यांना स्प्रिंगा लागतात.